बाईंचा नवा कागद

आमच्या बाईंच्या टायपिंग क्लासमध्ये खोडरबराला मज्जाव होता. पानाच्या शेवटच्या ओळीत चूक झाली, तरी बाई शांतपणे मशीनमधला कागद ओढून काढायच्या आणि म्हणायच्या, "खोडाखोड नको गो. नवा कागद घे." मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागले. माझे किती कागद त्यांनी ओढले असतील, देव जाणे.

बाईंना स्वतःला चुकताना कोणी पाहिलं नव्हतं आणि त्याचा त्यांना ताठाही होता, खोटं कशाला बोलू? बसणंसुद्धा असं, की पाठीला खुर्ची कधी टेकली नाही.

ऐंशीचं दशक सरता सरता त्यांनी क्लाससाठी कॉम्प्युटर घेतला. "टायपिंगला उद्या कुत्रं विचारणार नाही. कॉम्प्युटर शिकायला पोरींनी काय मुंबई गाठायची?" असं म्हणत मिरजोळ्यापासून पालीपर्यंत घरोघरी जाऊन त्यांनी आईबापांना गळ घातली. पालीचे एक शेतकरी तर मुलीचं लग्न लांबवायला तयार झाले, ते निव्वळ बाईंच्या शब्दावर. उद्घाटन दसऱ्याला ठरलं.

धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर, खिडक्यांना पडदे, आणि यंत्राला बाईंनी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण. मी कोल्हापूरला जाऊन जुजबी कोर्स केलेला, म्हणून सगळे मला तज्ज्ञ समजत. दसऱ्याच्या सकाळी मूळ फ्लॉपीवरून आतल्या डिस्कवर सिस्टिम चढवायला घेतली, ती मध्येच अडकली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. हिचा अर्थ पुस्तकात बघूया, असं मी म्हणत होते, पण बाहेर माणसं जमायला लागली होती.

"अर्ध्या कागदावर पुढं टाइप करतात काय? सगळं पुसून नव्यानं घे," असं म्हणून बाई स्वतःच खुर्चीत बसल्या. फ्लॉपी काढून झटकली, पुन्हा घट्ट बसवली आणि पुसायचा हुकूम दिला. पुसायची होती आतली डिस्क. बाईंनी पुसली ती मूळ फ्लॉपी, आमच्याजवळची एकुलती एक! शेजारी उभं राहून मलाही ते कळलं नाही. यंत्र कुरकुरत होतं आणि बाई समाधानानं बघत होत्या.

सिस्टिम पुन्हा चढवायला गेलो, तेव्हा फ्लॉपी कोरी निघाली. मग झेंडूचा हार घातलेल्या त्या काळ्या पडद्यापुढे आम्ही नारळाच्या वड्या वाटल्या. पालीच्या गृहस्थांनी शेवटी विचारलंच, "बाय, ह्याचा काय झाला? चालू नाय होत?"

विजेचा दाब कमी आहे, असं मी सांगणार होते. बाईंनी मला हातानं थांबवलं. "वीज चांगली आहे. चुकलं माझं. नको ते पुसलं मी." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गृहस्थ वाईट बोलले नाहीत. "तुमची ही गत, मग आमच्या पोरीला काय जमायचा?" एवढंच म्हणाले आणि एस.टी. गाठायला निघाले. मुलगी वळून वळून कॉम्प्युटरकडे बघत गेली.

बाई कोल्हापूरहून नवी फ्लॉपी घेऊन आल्या. या वेळी आम्ही ती ओळ पुस्तकात शोधली. यंत्रात फ्लॉपी घालायच्या खाचेवरची दांडी पुरती खाली पडली नव्हती, इतकंच! म्हणजे बाईंनी फ्लॉपी पुन्हा घट्ट बसवली, तेव्हाच खरं तर सगळं नीट झालं होतं. यंत्र सुरू होताच बाई पालीला जाऊन आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. परत आल्यावर चपलाही न काढता आत येऊन बसल्या, म्हणाल्या, "तिचा कागद मी ओढला गो."

त्यानंतर दर नव्या बॅचला पहिल्याच दिवशी बाई हे सगळं उभं राहून सांगत. "घाई झाली तरी ओळ आधी वाचा. मी वाचली नव्हती." मुली हसत. बाईंचे कान प्रत्येक वेळी तसेच लाल होत. "कशाला सांगता दरवेळी?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "लाज वाटते तोवर सांगायचं."

बाई गेल्या त्यानंतरच्या बॅचला सांगायची पाळी माझ्यावर आली. 'आमच्या बाईंनी' एवढं ओठांपर्यंत आलं, पण बाहेर पडेना. "माझ्या हातून एकदा मूळ फ्लॉपी पुसली गेली," मी म्हणाले. मागच्या बाकावरून फिसकन हसू आलं आणि माझे कान तापले. मग मी पालीच्या मुलीचं सांगितलं.