तपासायला पाठवलेला शब्द

श्रीरंग टिपणीस यांनी दिल्लीत एकतीस वर्षं केंद्र सरकारची भाषांतरं केली, आणि त्या एकतीस वर्षांत दुसऱ्याने तपासल्याशिवाय एक ओळही त्यांच्या टेबलावरून पुढे सरकली नाही. खात्यात त्याला व्हेटिंग म्हणत. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ मजकूर शेजारी ठेवून ते ओळीओळीने वाचायचं, समासात शेरे मारायचे आणि पटलं तर खाली आद्याक्षरं करायची. ही सवय इतकी अंगात मुरली होती की सोसायटीला पाण्याच्या टाकीबद्दल अर्ज लिहायचा झाला तरी तो आधी देविकाबाईंपुढे यायचा. देविकाबाई म्हणजे त्यांची बायको. जन्मभर मराठी शिकवलेली बाई ती. लाल पेन घेऊन बसायची, दोन ठिकाणी भुवई उंचवायची आणि खाली सही ठोकायची. मग टिपणीस निर्धास्त.

मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आता टिपणीस एकटेच होते. दोन वर्षांपूर्वी देविकाबाई महिनाभरासाठी म्हणून सांगलीला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. भांडण म्हणावं तर तेही धड झालं नव्हतं. रविवारची सकाळ होती, ताटात थालीपीठ होतं. आता कायमचं सांगलीला राहायला जाऊ, असं बाई म्हणाल्या, का ते सांगू लागल्या, आणि टिपणिसांनी लोण्याचा गोळा पसरता पसरता मान वर न करता म्हटलं, "दॅट्स अ‍ॅब्सर्ड." मग त्यांनी कारणं दिली. फ्लॅट इथे, सरकारी दवाखान्याचं कार्ड इथलं, मुलगी रेवती फरीदाबादला, आणि सांगलीत आता आपलं उरलंय कोण? एकेक कारण असं पक्कं की कुणाला खोडता येऊ नये. बाईंनी खोडलंही नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी बॅग भरली.

दर रविवारी फोन व्हायचा. रक्तदाबाची गोळी, गॅसचा सिलिंडर, रेवतीची बदली, सगळं बोलून व्हायचं. मुद्द्याचं दोघंही काढत नसत. टिपणिसांना तिची फार आठवण यायची, आणि ती नको तिथे यायची. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करताना यायची, मेट्रोत शेजारची सीट रिकामी झाली की यायची. परत ये, एवढे दोन शब्द बोलायला माणसाला काय लागतं? पण एवढ्या वर्षांत ते स्वतःचं असं वाक्य लिहायला शिकलेच नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेली.

अशात मराठी मंडळाचे राजाभाऊ दिवाळी अंकासाठी मागे लागले. कुठलाही एक इंग्रजी शब्द घ्या, त्याची जन्मकुंडली मांडा, बिल्कुल हलकंफुलकं लिहा यार, म्हणाले. शब्द शोधावा लागलाच नाही. तो दोन वर्षं घरातच बसून होता.

टिपणीस तीन आठवडे कोशांत बुडाले. अ‍ॅब्सर्ड म्हणजे तर्काला सोडून असलेलं, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता बेसूर. त्याच्या पोटात जो 'सर्डस' शब्द बसलाय असं म्हणतात, त्याचा अर्थ बहिरा. त्या बहिऱ्याची कथा आणखीच मजेदार. पूर्णांकांच्या प्रमाणात न बसणाऱ्या राशींना ग्रीकांनी 'ज्याला बोल नाही' अशा अर्थाचं नाव दिलं, अरबांनी त्याचं भाषांतर 'बहिरा' केलं, लॅटिनवाल्यांनी अरबांवरून उचललं, आणि इंग्रजीत त्या राशी 'सर्ड' झाल्या. आपण शाळेत त्यांना करणी म्हणत आलो. एवढ्या भाषांतरकारांची रांग पाहून टिपणिसांना भरून आलं.

लेख झाला. शेवटच्या परिच्छेदात उदाहरण म्हणून त्यांनी ती रविवारची सकाळ लिहिली, थालीपिठासकट. खाली लिहिलं, 'हा शब्द वापरणारा समोरच्याला बेसूर ठरवतो. ऐकू कोणाला येत नव्हतं, ते तो सांगत नाही.' आणि इथे घोडं अडलं. तपासल्याशिवाय लेख देणार कसा? दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने सरळ फोन उचलला असता. टिपणिसांनी दोन ओळींत ऐसपैस अंतर ठेवून लेख पुन्हा टाइप केला, डावीकडे चार बोटं समास सोडला, वर 'तपासणीसाठी सादर' असं लिहिलं आणि स्पीड पोस्टाने सांगलीला धाडला.

नवव्या दिवशी पाकीट परत आलं. लाल पेन पानोपानी फिरलं होतं. ग्रीकांचं वाक्य फार लांबलंय, करणी वर्गात कुणालाच कळत नसे हेही लिहा, असे शेरे होते. टिपणीस हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरले. शेवटच्या परिच्छेदापाशी मात्र एकच शेरा होता: 'मूळ जोडलेले नाही.' खाली सही नव्हती.

रविवार नव्हता, तरी त्यांनी फोन लावला. मूळ म्हणजे कुठलं, त्यांनी विचारलं.

"मी त्या दिवशी जे म्हणाले ते," देविकाबाई म्हणाल्या. "तुमचा शब्द लिहिलात, थालीपीठ लिहिलंत, ग्रीक आले, अरब आले. माझं वाक्य कुठाय?"

टिपणिसांनी खूप आठवून पाहिलं. खिडकीतलं ऊन आठवलं, तिच्या साडीचा रंग आठवला, आपली कारणं तर क्रमाने आठवली. ती सांगली का म्हणत होती, ते मात्र काही केल्या आठवेना. काहीतरी जुळवून सांगता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

"आठवत नाही," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. पुन्हा सांगशील?"



"फोनवर नाही सांगणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा हलला. "दोन वर्षं वाट बघितली, तुम्ही विचारताय का म्हणून. आता समोर बसून ऐका. निजामुद्दीनहून गाडी सुटते ना अजून?"

"सुटते," टिपणीस म्हणाले, आणि कितीतरी वेळ त्यांना फोन ठेववेना.