नीव्हाच्या खिडकीतला ओढा

हॉलिस टॅकेट एकतीस वर्षं आमच्या शाळेची बस चालवत होता. मी वर्गात शिकवायची, त्याची बायको नीव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचा पाव भाजायची. आमच्या ओझार्क डोंगरातल्या वळणांवर त्याने बसला कधी ओरखडा येऊ दिला नाही, पण घरात तो हमखास कशाला तरी धडकायचा. "घरातही आरसे लावून देऊ का तुला?" नीव्हा विचारायची.

त्यांच्या घरामागेच ओढा. पाणी इतकं नितळ, की कमरेएवढ्या खोलीतला गोटाही ओळखू यावा. मे संपता संपता तिथे लांबकाने नावाचे मासे घरटी करतात. हा तळहाताएवढा सूर्यमासा. पोट नारिंगी, गालांवर निळ्या रेघा, कल्ल्यामागे कानासारखी लांब काळी चकती. नर शेपटीने तळ झाडून बशीएवढा खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि तो एकटा वारा घातल्यासारखी शेपटी हलवत राखण करतो. घरट्यावरच्या बापाला आमच्याकडे कुणी गळ टाकत नाही. नीव्हा तर त्या दिवसांत संध्याकाळची भांडी तशीच टाकून काठावर जाऊन बसायची.

एका वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं, तिच्या हाती फार तर हा उन्हाळा आहे. तिचं चालणं थांबलं होतं. हॉलिसने पलंग स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणला. पण खिडकीतून दिसायच्या त्या फक्त काठावरच्या सिकॅमोरच्या फांद्या.

"यंदाचे मासे तेवढे दिसले असते तर बरं झालं असतं," ती एकदाच म्हणाली.

एप्रिलमध्ये त्याने करवत काढली. "बाई, दोर धरा जरा. झाड घराकडे नको यायला."

मुळं माती धरून ठेवतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. तरी मी दोर धरला. आतून नीव्हा ओरडत होती, "डावीकडचंही पाड! अर्धाच ओढा दिसतोय. अर्ध्या तिकिटाचा खेळ नको मला!"

एकेक करून त्याने सगळी झाडं पाडली. मग खुंटही आड येतात म्हणून ट्रॅक्टरने उपटून काढले.

मासे आले. नीव्हा दुर्बीण डोळ्यांवरून काढेना. "तो कडेचा बघा, बाई. शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातो आणि परत येऊन उगीच झाडलोट करतो. अगदी आमच्या हॉलिसचा भाऊ!" हॉलिस खुर्चीत बसून हसत होता. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी पाऊस लागला आणि तीन दिवस थांबला नाही. मुळं नसलेला काठ ढेकूळ विरघळावं तसा ओढ्यात उतरला. पाणी ओसरलं तेव्हा सगळ्या घरट्यांवर वीतभर लाल चिखल होता. मासा एकही नव्हता.

हॉलिस दाताळं घेऊन पाण्यात उतरला. दिवसभर गोटे उकरून धुवायचा. सकाळपर्यंत उघड्या काठावरची माती पुन्हा त्यांच्यावर येऊन बसायची. चौथ्या दिवशी त्याला नीट उभंही राहवत नव्हतं.

"त्याला बाहेर बोलवा, बाई," नीव्हा म्हणाली.

"बोलावलं. ऐकत नाही."

"मी इथून बघते आहे तोवर नाही ऐकायचा." तिने दुर्बीण बाजूला ठेवली. "माझा पलंग फिरवा. चुलीकडे तोंड करा."

मी आणि मदतीला आलेल्या माझ्या बहिणीने पलंग फिरवला. हॉलिस गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आत आला, फिरवलेला पलंग पाहिला आणि दारातच थांबला.

"तुझ्यासाठीच तोडली गं," तो म्हणाला. "माझ्याच हाताने घालवलं सगळं."

"ठाऊक आहे मला. पाच दिवस पाहिलं ना मी? पायपुसण्यावर पाय पूस आणि बस इथे. आता तुझ्याकडे बघायचंय."

तो खुर्ची ओढून चुलीपाशी, तिच्या समोर बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण त्याला मान वर करता येईना.

जुलैत ती गेली. तोवरचे सगळे दिवस तो त्याच खुर्चीत बसून होता. तिने किती वेळा सांगितलं, "वर बघ रे." त्याने नाही बघितलं. आता मी कधी गेले तर तो एवढंच विचारतो, "रागावली नव्हती ना, बाई?" मी नाही म्हणते. त्याला ते खरं वाटत नाही.