खालची ओळ

आमचे दादा स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. मी त्यांचा धाकटा भाऊ. मागे बसून काचा घासतो, त्यामुळे त्यांचं व्याख्यान मला तोंडपाठ आहे. डोळा बिचारा अर्धवटच माल पाठवतो, उरलेलं डोकं पदरचं घालून भरून काढतं; म्हणून माणसाला जे असणार असं वाटतं, तेच दिसतं. हे त्यांनी मानसशास्त्राच्या कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि तेव्हापासून एकाही गिऱ्हाइकाला सोडलं नाही.

व्याख्यान संपलं की वहिनींचा नंबर. घर दुकानाच्या मागेच. पन्नाशी उलटली तरी हिला चष्मा नाही, असं सांगत दादा हाक मारायचे. वहिनी ओले हात पुसत यायच्या, भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा वाचायच्या आणि परत कामाला लागायच्या. दादांची कॉलर ताठ. याच वहिनींच्या हातून हल्ली कप फुटायचे, चहा कपाबाहेर ओतला जायचा. तेव्हा दादा गिऱ्हाइकांसमोरच म्हणायचे की डोळे धडधाकट आहेत, लक्षच ठिकाणावर नसतं. लोक हसायचे. वहिनीही हसायच्या.

परवा जुना तक्ता पिवळा पडला म्हणून दादांनी नवा लावला. त्यावरची अक्षरं वेगळी होती. एक शिक्षिका चष्मा करायला आली होती. ती म्हणाली, एवढी बारीक ओळ कोणाच्या बापाला वाचता येणार नाही. दादांनी लगेच आत हाक मारली. वहिनी आल्या, नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या आणि न अडखळता ओळ म्हणून मोकळ्या झाल्या. जुन्या तक्त्याची.

शिक्षिकेने जवळ जाऊन ओळ पाहिली; तिला हसू आलं, मग ते मावळलं. दादांनी पुन्हा वाचायला सांगितलं. वहिनींनी पुन्हा तीच ओळ म्हटली.

"मला दिसतेय ना ती," त्या म्हणाल्या. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. दिवसभर भिंतीपलीकडून गिऱ्हाइकांच्या तोंडची तीच ओळ ऐकणाऱ्या बाईला ती पाठ झाली असणार, हे आमच्या पंडितांना कधी सुचलं नव्हतं. दादांनी तळहाताने त्यांचा डावा डोळा झाकला. आता काय दिसतंय, असं विचारल्यावर वहिनी हाताने भिंत चाचपू लागल्या. मला तिथे उभं राहवेना.

मोठ्या डॉक्टरांकडे मीही गेलो. उजवा डोळा गेला तो गेलाच, डावा औषधांनी वाचेल, असं ते म्हणाले. वर्षभर आधी यायला हवं होतं. घरात कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही, यजमान काय करतात, असं त्यांनी विचारलं. दादांचे कान लाल झाले होते.

वहिनींनीच उत्तर दिलं. "हे दिवसभर लोकांचे डोळे तपासतात हो. यांना वेळ कुठे मिळतो?"

टोमणा नव्हता तो. त्या नवऱ्याची बाजू घेत होत्या. दादांना मान वर करता आली नाही.