धावपट्टीवरचा भारा

कापलेल्या ओल्या गवताचा वास आला की मला कराडजवळची, विमान उडवायला शिकवायची धावपट्टी आठवते. आम्ही बायका तिथं गवत कापायला जायचो. त्या सकाळी आमच्याच भागातली एक मुलगी पहिल्यांदा एकटी विमान उडवत होती. "आज चुकली तर एवढ्यात पुन्हा एकटीला सोडत न्हाईत," रखवालदार म्हणाला. पट्टी ओलांडताना विळा मागं राहिल्याचं ध्यानात आलं, म्हणून मी गवताचा भारा मधेच टेकवून परत फिरले. तेवढ्यात विमान खाली आलं आणि अगदी जवळ येऊन गर्जत पुन्हा वर गेलं. मी धावत जाऊन भारा ओढून घेतला. दुसऱ्या फेरीला ती नीट उतरली. शिकवणारे साहेब वाट बघत उभेच होते. "उतरायची परवानगी दिली होती ना?" "व्हय सर, पण पट्टीवर कायतरी दिसलं." साहेब म्हणाले, "परवानगी आम्ही देतो. उतरायचं का नाही, ते विमानात बसलेल्यानं ठरवायचं. बरोबर केलंस." भारा माझा होता, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. ती मात्र सरळ माझ्याकडं आली. "मावशी, लय घाबरलासा का?" मी नुसती नाही म्हणून मान हलवली. पहिल्यांदाच एकटी उडाली होती ती. मीही तिला तेच विचारायला हवं होतं, असं अजून वाटतं.