दर्शना घाडीगावकर, अपक्ष, निशाणी भेंडी

आमच्या मजल्यावरची दर्शना घाडीगावकर खासदारकीला उभी राहिली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, आणि लालबाग-परळमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांची शुगर तिला तोंडपाठ होती. ती एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घ्यायची. सकाळी सहाला खांद्याला निळी पेटी अडकवून निघायची ती अकरापर्यंत पंधरा-वीस घरं करून यायची. हात असा हलका, की आमची ही रक्त देता देता तिला कोळंबीच्या कालवणाची कृती सांगायची आणि मध्येच विचारायची, "टोचली नाहीस का गं अजून?"

मी पोस्टात क्लार्क होतो, एकोणचाळीस वर्षं. चाळीत मला 'पोस्टातले काका' म्हणतात आणि कुठलाही फॉर्म भरायचा झाला की माझ्याकडे येतात. त्यामुळे ही सगळी भानगड मी अगदी जवळून पाहिली. थोडी बिघडवलीसुद्धा.

दर्शनाचे वडील शिवराम. चाळीला मात्र तो शिवा. तरुणपणी गिरणीत बदली कामगार होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी धरली. पण विचाराल तर तो सांगेल, "मी पक्षाचा माणूस." बत्तीस वर्षं पक्षाचं काम केलं त्याने, तेही एकच काम: मतदार याद्या. आमच्या भागातल्या प्रत्येकाचा यादीतला क्रमांक त्याला पाठ. रस्त्यात भेटला की नावाने हाक मारायचाच नाही. "काय चारशे बारा, गुडघो काय म्हणता?" म्हणायचा. कोणी वारलं की सगळ्यात आधी हळहळायचा आणि मग खिशातून पेन्सिल काढायचा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये पक्षाचे खासदारसाहेब आमच्या चाळीच्या पटांगणात सभेला आले. साहेब तीन वेळा निवडून आलेले, चौथ्यांदा उभे होते. शिवा व्यासपीठामागे हार सांभाळत होता. भाषण झालं आणि साहेब सहज म्हणाले, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा." असं म्हटल्यावर कोणी काही विचारत नाही, हा आपल्याकडचा रिवाज. दर्शना उठली.

"साहेब, परळच्या हॉस्पिटलांबाहेर गावाकडचे पेशंट फुटपाथवर झोपतात. मी रोज सकाळी त्यांना ओलांडून जाते. मागे बंद गिरणीची जागा नुसती पडून आहे. ती दिल्लीच्या ताब्यात आहे, म्हणजे काम तुमचंच. तिथे त्यांच्यासाठी धर्मशाळा का होत नाही?"

साहेब हसले. "बाळ, खाली बसून प्रश्न विचारणं सोपं असतं. एकदा उभं राहून बघ, मग कळेल."

लोक हसले, टाळ्या पडल्या. दर्शना बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाली, "काका, उभं राहायला कुठला फॉर्म लागतो?"

मला वाटलं, गंमत करतेय. पण तिच्या डोळ्यांत गंमत नव्हती. मी कपाटातून चष्मा काढला.

घाडीगावकरांच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये लाकडी पार्टिशन आहे. त्या संध्याकाळी शिवाचा आवाज मला ऐकावा लागला नाही, आपोआप आला.

"तुका येड लागला काय गो? बत्तीस वर्सां मी ज्या पक्षाचो, त्याच पक्षाच्या समोर माझा चेडू?"

"बाबा, साहेबच म्हणाले उभं राहून बघ."

"ते बोलूची पद्धत असता! उद्या ते म्हणतीत तुमच्या चरणाशी सेवा करतंय, तर काय ते येऊन पाय दाबतले?"

दर्शनाची आई सुभद्रा भाकऱ्या थापत होती. ती एवढंच म्हणाली, "दाबले तर बरां होईत. माझे लय दुखतंत."

अपक्ष उमेदवाराला दहा प्रस्तावक लागतात, आणि ते सगळे त्याच मतदारसंघातले मतदार असावे लागतात. नऊ जण सहज मिळाले, कारण नऊंच्याही शुगरचा प्रश्न होता. दहावे आप्पा तळेकर. पहिल्या मजल्यावर राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी तर पेन मागून घेऊन सही केली. फॉर्म मी भरला. एकोणचाळीस वर्षांचा अनुभव पणाला लावून भरला.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही फोर्टमधल्या कचेरीत गेलो. तीनपर्यंत मुदत. आत उमेदवार आणि चारच माणसं सोडतात. टेबलावरच्या बाईंनी यादी चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हे आप्पा तळेकर आमच्या यादीत नाहीत."

मी आप्पांना फोन लावला. "आप्पा, तुमचं मत कुठे आहे?"

"म्हणजे काय? मालवणात," आप्पा अभिमानाने म्हणाले. "मरेपर्यंत तिथेच ठेवणार."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दर्शनाने फॉर्म उचलला आणि सरळ जिना उतरून फाटकाबाहेर गेली, रस्त्यावर कोणी लालबागचा माणूस दिसतो का बघायला. आता भर दुपारी फोर्टात लालबागचा माणूस कुठून दिसणार? पण दिसला. समोरून घाम पुसत शिवा येत होता. पक्षाच्या ऑफिसने त्याला पाठवलं होतं, मुलीला समजावून परत आण म्हणून.

"घराक चल," तो म्हणाला.

"बाबा, एक प्रस्तावक कमी पडला," दर्शना म्हणाली, आणि तिथेच रडायला लागली. मी तिला लहानपणी रडताना पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

शिवाने फॉर्म तिच्या हातातून घेतला. मला वाटलं, फाडतोय. त्याने तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, आणि त्याचं तोंड कडू झालं.

"ह्यो कोणी भरलो?"

मी घसा साफ केला.

"अहो पोस्टातले काका, भाग क्रमांकाच्या जागी तुम्ही अनुक्रमांक घातलात! आणि अनुक्रमांकाच्या जागी काय, पिनकोड?" बत्तीस वर्षं ज्याने याद्या केल्या, त्याला असला फॉर्म बघवेना. फूटपाथवर टेकून त्याने नवा कोरा फॉर्म मागितला. नऊ जणांचे भाग क्रमांक, अनुक्रमांक, एकही यादी न बघता, त्याने मला भराभर सांगितले. चार जण माझ्यासोबत तिथेच होते आणि बाकीच्यांना पुन्हा सहीसाठी फोन केला, ते पंचवीस मिनिटांत टॅक्सीने येऊन पोचले. दहाव्या ओळीशी येऊन तो थांबला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पक्षाच्या ऑफिसचा होता. त्याने फोन उलटा करून गुडघ्याखाली ठेवला आणि लिहिलं: शिवराम बाबाजी घाडीगावकर. सही केली. मग दर्शनाकडे बोट रोखून म्हणाला, "ही सही आसा. मत नाय. मत मी पक्षाकच देतलंय. आधीच सांगून ठेवतंय, मागसून रडू नको."

"नाही रडणार," ती रडत म्हणाली. दोन पन्नासला अर्ज आत गेला.

आता निशाणीबद्दल. तो दोष पूर्ण माझा. उमेदवाराने पसंतीच्या तीन निशाण्या लिहायच्या असतात. पहिली बादली, दुसरी बॅटरी, हे दर्शनानेच सांगितलं होतं. तिसऱ्याच्या वेळी ती झेरॉक्स काढायला गेली होती आणि आमच्या हिने नेमका फोन करून येताना पाव किलो भेंडी आणायला सांगितलं. यादीत भेंडी होती. मी लिहून टाकली. तिसऱ्या पसंतीपर्यंत गाडी जाते कशाला, असा माझा हिशोब. बादलीवर तिघांचा डोळा होता, बॅटरीवर दोघांचा. दोन्ही चिठ्ठ्या आमच्या विरुद्ध निघाल्या. भेंडी मात्र दुसऱ्या कोणीच मागितली नव्हती.

लालबागच्या पोरांच्या तोंडात भेंडी हा शब्द भाजीच्या अर्थाने फारसा येत नाही. त्यामुळे प्रचाराच्या पहिल्याच दिवशी चाळीतल्या पोरांनी "भेंडी! भेंडी!" असा जो गजर सुरू केला, तो ऐकून तळमजल्यावरच्या कमलाबाई बाहेर येऊन एकेकाच्या पाठीत धपाटे घालू लागल्या. "निवडणूक आहे, कमलाबाई, निवडणूक," असं समजावेपर्यंत तिघांना पडले होते.

मग आम्ही घरोघर निघालो. दर्शना पुढे, मी आणि सुभद्रा मागे. हातात निशाणी म्हणून ताज्या भेंड्यांची जुडी. दार उघडलं की घरातला म्हातारा दर्शनाला बघायचा, बाही वर करायचा आणि म्हणायचा, "अगं, पण मी चहा घेतला!" मग त्यांना सांगायचं की आज रक्त नको, मत हवंय. ह्यावर बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर सुटकेची भावना दिसायची, आणि सुटका झालेला माणूस पटकन मत कबूल करतो, असा माझा निष्कर्ष आहे.

बायकांचं वेगळं. त्या बोलणं ऐकता ऐकता जुडीतली एक भेंडी घ्यायच्या आणि सवयीने तिचं शेपूट मोडून बघायच्या. "कोवळी आहे हो. कुठून आणलीत?" संध्याकाळपर्यंत आमच्या एकाही निशाणीला शेपूट राहायचं नाही. ठाकूरद्वारला एका वाडीत तर एक बाई पूर्ण जुडी घेऊन आत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. किलोचा भाव विचारत होत्या.

त्याच वाडीत एक गृहस्थ दर्शनाला म्हणाले, "मत तुलाच देतो, पण आधी माझा रिपोर्ट समजावून सांग." तिने पायरीवर बसून पाऊण तास कोलेस्टेरॉल समजावलं. मी घड्याळ दाखवत होतो, मतदार लाखांत आहेत म्हणून. तिचं लक्ष नव्हतं. शेवटी ती त्यांना म्हणाली, "काका, औषध बंद करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय. मत नाही दिलंत तरी चालेल." असा प्रचार मी जन्मात पाहिला नव्हता.

इकडे पक्षाच्या ऑफिसात शिवाला बोलावलं. तो म्हणाला, "सही प्रस्तावाची आसा. मी पक्षाचोच." त्यांनी आरडाओरडा केला नाही, चहा पाजला. फक्त मतदार याद्या काढून घेतल्या आणि ह्या वेळेस बुथवर दुसरा माणूस बसेल, असं सांगितलं.

ते त्याला फार लागलं. दिवसभर खाटेवर बसून राहायचा. सुभद्रा म्हणाली, "मग हिच्यावांगडा प्रचाराक चला." तर म्हणाला, "गद्दारी नाय करूची." पण रात्री जेवताना पार्टिशनमागून आवाज यायचा, "धर्मशाळेचो मुद्दो शेवटी कशाक घेतंस? पयलो घे. लोक उठून जाण्याच्या आधी." दुसऱ्या दिवशी ती पहिला घ्यायची.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर, ठरवून दिलेल्या अंतरावर, पक्षाचं टेबल लागलं, आणि पलीकडे आमचं. पक्षाच्या टेबलावर एक नवा पोरगा मोबाइलमध्ये नावं शोधत बसला होता. नेटवर्क येईना. आमच्या टेबलावर मी होतो, म्हणजे ते टेबलही काही फार बरं चाललं नव्हतं. आणि शिवा? त्याला घरात बसवेना. इस्त्रीचा सदरा घालून तो दोन्ही टेबलांच्या बरोबर मध्ये बदामाच्या झाडाखाली उभा राहिला, हात मागे बांधून.

पहिल्या आल्या त्या कमलाबाईच. "शिवा, माझा नंबर?"

"दोनशे सत्याण्णव. खोली तीन. उजवीकडसून जावा, डावीकडे पायरी तुटली हा."

मग रांगच लागली. पक्षाचे मतदार, आमचे मतदार, कोणाचेच नसलेले मतदार, सगळे झाडाखाली. दोन्ही टेबलं ओस पडली. अकरा वाजता पक्षाचा तो पोरगा स्वतःच उठून आला. "शिवाकाका, माझं नाव सापडत नाहीये."

"सहाशे चार," शिवा म्हणाला. "बापाशीच्या खाली."

जूनमध्ये निकाल लागला. साहेब चौथ्यांदा दिल्लीला गेले. दर्शनाला एकंदर दोन हजार एकशे सोळा मतं पडली. 'वरीलपैकी कोणीही नाही' ह्याला तिच्या सहापट. अनामत गेली. आमच्या एका बुथवर मात्र पक्षाला दोनशे एक आणि भेंडीला एकशे अठ्ठ्याऐंशी. मी ते दोनदा वाचून दाखवलं. चाळीत पेढे वाटावेत की नाही यावर वाद झाला आणि वाद मिटायच्या आत कोणीतरी वाटले.

शिवा सगळ्यांदेखत म्हणाला, "त्या दोनशे एकांतलो एक मी." दर्शना म्हणाली, "माहितेय, बाबा." आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला. त्याने खाल्ला. दोघांपैकी कोणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही, मलाच उगाच भरून आलं.

दुसऱ्या सोमवारी ती पुन्हा निळी पेटी घेऊन निघाली. हॉस्पिटलबाहेरच्या लोकांसाठी एका देवळाच्या विश्वस्तांनी मागची पडवी उघडून दिली. बारा माणसं झोपतात. धर्मशाळा म्हणता येणार नाही, पण बारा.

दिवाळीनंतर दर्शनाला बघायला माहीमहून मंडळी आली. मुलगा यशोधन, बँकेत. फॉर्मबिर्म नसला तरी मला बोलावलं होतं. पोहे झाले. मुलाच्या मामांनी हसत हसत विचारलं, "काय, निवडणुकीचं खूळ गेलं ना आता डोक्यातून?"

दर्शना उत्तर देणार, इतक्यात शिवा पुढे सरकला. "गेला कसा? खासदारकीचो मतदारसंघ लय मोठो, ता सोडा. पण नगरसेवकाचो वॉर्ड धरलो, तर ही आज तिसरी आसा. एकशे एक्केचाळीस नंबरच्या भागात दोनशे घरां नवीन टॉवरात गेली, ती हिका ओळखनंत नाय. थंय रक्त तपासणीचो कॅम्प लावलो, तर..." त्याने पोह्याच्या बशा बाजूला केल्या आणि सतरंजीवर बोटाने वॉर्डाचा नकाशा काढायला लागला.

मामांनी दोनदा घड्याळ पाहिलं. सुभद्राने कपाळावर हात मारला. चाळीस मिनिटांनी मंडळी उठली, चपला घालून जिन्यापर्यंत गेली. मुलगा तेवढा मागे राहिला होता. तो अजून सतरंजीवर वाकून बघत होता.

"काका," त्याने शिवाला विचारलं, "ह्या टॉवरच्या मागची वस्ती कुठल्या भागात येते?"