चुलीवरचे पेढे

माझ्या वडिलांनी दुधात कधी पाणी घातलं नाही. गिऱ्हाइकं याला प्रामाणिकपणा म्हणत, आई हट्ट म्हणे. प्रतापनगर तेव्हा अर्धं नगर आणि अर्धं शेत होतं. तिथे आमचं पेढ्यांचं दुकान, मागे नऊ म्हशींचा गोठा आणि मधे चूल. चुलीपाशी आई. खवा ती दुसऱ्या कुणाला आटवू देत नसे. आमच्या पेढ्याचं नाव होतं ते तिच्या हातामुळे, आणि तिचे डोळे जात होते तेही त्या चुलीपायीच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी बी.एस्सी.ला होते. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आईच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं, "धूर थांबला नाही, तर दिसणं थांबेल. काय ते ठरवा." आईने विचार करायला वेळ मागितला. बाबांनी मागितला नाही.

एक सरकारी साहेब बरेच महिने गोबरगॅस घ्या म्हणून आमच्याकडे खेटे घालत होते. बाबा त्यांना चहा पाजून वाटेला लावत. आता बाबा स्वतःच त्यांच्या दारात जाऊन बसले. गोठ्यामागे खड्डा खणला गेला, विटांनी बांधला गेला, त्यात लोखंडी टाकी उपडी बसली. रोज सकाळी शेण पाण्यात कालवून आत सोडायचं काम माझ्याकडे आलं. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हेच काम शोभतं, असं बाबांचं मत होतं. कॉलेजात माझ्या शेजारचा बाक रिकामा राहू लागला.

पहिल्यांदा शेगडी पेटली, तेव्हा निळी ज्योत बघून बाबा ओरडले, "पाह्य वं, धूर नाई!" आईने कढई चढवली, उलथणं हातात घेतलं आणि सवयीने डोळे बारीक केले. वीस वर्षांची सवय. मला रडूच आलं.

"काहून रडून राहिली वं?" आई म्हणाली. "धूर त नाई."

त्या आनंदात बाबांनी पाटी रंगवून घेतली: 'येथील पेढे गोबरगॅसवर तयार होतात.' जाहिरातीचा हा त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रयत्न. आठवड्याभरात दुकानात माश्या मारायची पाळी आली. सत्यनारायणाचा प्रसाद दुसऱ्या दुकानातून जाऊ लागला. समोरच्या मास्तरीणबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी पेढा नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं, की जळणाऱ्या गॅसचा वास पेढ्याला लागत नसतो.

"मंग तुह्या हाताले कसा येते?"

हात पाठीमागे नेत मी म्हटलं, "काकू, तुमच्याकडचे रोडगे तर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. राख झटकून आपण खातोच ना?"

"ते येगळं," त्या म्हणाल्या. काय वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांचा असा राग आला, की मी दुसऱ्या दिवशी शेण जरा जास्तच जोरात कालवलं.

बाबांनी पाटी उतरवली. तिच्या जागी दोन परातींवर दोन चिठ्ठ्या आल्या: 'चुलीवरचे' आणि 'गॅसवरचे'. दोन्ही परातींतले पेढे एकाच कढईतले. 'चुलीवरचे' दुपारपर्यंत संपत. 'गॅसवरचे' आम्ही घरी खायचो.

आईला कळलं, त्या दिवशी तिने बाबांना जेवायला वाढलं नाही.

"लोकाईले फसवता?"

"त काय करू? दुकान चालवाले लाकडं पेटवू?" बाबा म्हणाले. "तुह्ये डोळे गेले त माहं तोंड कोण पाहीन?"

आईने ताट वाढलं. पण आदळून.

हे किती दिवस खपणार होतं? राखीच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी होती. मास्तरीणबाईंनी 'चुलीवरच्या' परातीतला पेढा चाखला आणि डोळे मिटून मान डोलावली.

"धुराची चव लागते, म्हून मी हेच घेतो," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग आतल्या दाराकडे वळल्या. "बाई, खरं सांगा, चुलीवरचेच ना?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली होती. बाबा तराजूची साखळी सारखी करू लागले. साखळी सरळच होती. आई आता काय बोलेल ते मला ठाऊक होतं. तिला खोटं बोलता येत नसे. म्हणजे उद्यापासून पुन्हा बाभळीची लाकडं, पुन्हा धूर.

आईने मास्तरीणबाईंकडे नीट पाहिलं.

"तुमच्या लुगड्याच्या काठावर मोर हायेत," ती म्हणाली. "बारके बारके. इतके दिवस मले वाटे, नुसता हिरवा पट्टा हाये. चूल असती त आता तुमी बी दिसल्या नसत्या."

मास्तरीणबाईंनी वाकून आपला काठ पाहिला. पदर सारखा केला.

"दोन किलो द्या," त्या म्हणाल्या.

"कोणते?" बाबांनी विचारलं.

"कोणते बी. बाईच्या हातचे."