काचेवर उमटलेलं बोलणं

माझ्या वडिलांची उभी हयात खडकीला एका कारखान्यात गेली. निवृत्तीनंतर ते आणि आई कोथरूडला आमच्याकडे राहायला आले, तेव्हाच त्यांचं ऐकणं बरंच कमी झालं होतं. कानाच्या मशीनचा विषय काढला की म्हणायचे, "मला ऐकू येतं. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." फोनवर मात्र त्यांचा फार जीव. तिथे सगळं लिहून चालायचं, ऐकायचा प्रश्नच नव्हता.

माझी मुलगी इंजिनियर आहे. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीच्या चष्म्यांवर काम करते. नकाशे, निरोप, चित्रं, सगळं काचेतून समोरच्या जगावरच दिसणार आणि थोड्या वर्षांत हातातले फोन जाणार, असं तिचं ठाम मत. आजोबांना तिने हे सांगितलं, तेही फोनवर लिहूनच. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मी आत्ता कुठे हा शिकलो, तर तुम्ही बंद करायला निघालात."

मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी ती ऑफिसमधून तसा एक चष्मा घरी घेऊन आली. समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द मराठीत काचेवर उमटायचे. घरच्या माणसांत मराठी नीट पकडतो का, ते तिला बघायचं होतं. चष्मा जाडजूड होता आणि चालायला फोन जवळ लागायचाच. वडिलांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला, चष्मा चढवला आणि जेवायच्या टेबलाशी बसले.

आईने विचारलं, "ताक घेता का?"

वडिलांनी काचेवरचं वाचलं. "काय टाक? कुठे टाकू?"

मुलगी हसत हसत काहीतरी दुरुस्त करायला लागली. आई भांडं घेऊन वळली आणि सवयीने पुटपुटली, "एरवी ऐकू येत नाही, हवं ते बरोबर येतं."

"हवं तेही येत नाही," वडील शांतपणे म्हणाले. "आज वाचता येतंय."

आई जागीच थांबली. गेली कित्येक वर्षं ती त्यांच्यासमोर बिनधास्त पुटपुटत होती. जेवताना ती सारखी त्या चष्म्याकडे बघत राहिली.

दुपारी तिने नातीला स्वयंपाकघरात बोलावलं. "आम्ही बोललेलं दुसरं कोणी वाचतं का गं?"

"नाही आजी. मी काहीच साठवत नाहीये. बोललेलं लगेच पुसलं जातं."

"नक्की ना?"

"नक्की."

मग आई बाहेर आली आणि वडिलांच्या समोर खुर्ची ओढून बसली. मी पलीकडे पेपर वाचत होतो. आधीच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ गेला होता. त्याच्याबद्दल ती बोलायला लागली. शेवटच्या भेटीत त्याने तिचा हात धरून ठेवला होता, निघताना सोडतच नव्हता, आणि बस चुकेल म्हणून तिने तो सोडवून घेतला होता. मला हे माहीतच नव्हतं. वडिलांनाही नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"असलं ओरडून कसं सांगायचं? सगळ्या सोसायटीला ऐकू गेलं असतं."

वडिलांनी डोळे पुसायला चष्मा काढला. तोवर ती पुढचं बोलत होती, म्हणून तसाच घाईने पुन्हा चढवला. मी पेपर घेऊन आतल्या खोलीत गेलो.

सोमवारी चष्मा ऑफिसला परत गेला. वडिलांना तो हवाच असेल असं मला वाटलं होतं. मी फोनवर तसं लिहून विचारलं, तर म्हणाले, "नको. अक्षरं छान येतात, पण त्यात तिचा आवाज नसतो. ती रडत बोलत होती की नुसतीच बोलत होती, ते मला तोंडाकडे बघून ठरवावं लागलं. आणि तोंडाकडे बघितलं की अक्षरं सुटायची." मग म्हणाले, "त्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घे."

मशीन बसवल्यावर पहिले काही दिवस ते वैतागले होते. मिक्सर, स्कूटर, शेजारच्यांचं दार, सगळंच अंगावर यायचं. हळूहळू सवय झाली.

फोन खरंच जाणार का, असं मी मुलीला परवा पुन्हा विचारलं. तिचं म्हणणं कायम आहे, फक्त आता 'थोड्या वर्षांत' म्हणत नाही. चष्मा साध्या चष्म्याइतका हलका झाला की लोक आपणहून फोन विसरतील, म्हणते. असेलही. तसा हलका चष्मा तिने आधी आजी-आजोबांसारख्या माणसांसाठी बनवावा, एवढंच मी तिला सुचवलं.

संध्याकाळी आई-वडील खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसतात. मी गॅलरीतून बघतो. आई त्यांच्याकडे जरा कलून बोलत असते, ते मान हलवतात, मध्येच दोघं हसतात. काय बोलतात ते वर ऐकू येत नाही.